जुने लष्करी रेडिओ: जमवणं, उघडणं, दुरुस्त करणं – नागपूर आणि आसपास

आठशेसात

जुन्या रेडिओंच्या धाग्यावर मी १९ नंबरच्या सेटचा, म्हणजे महायुद्धातल्या रणगाड्याच्या वायरलेसचा, विषय काढला आणि मर्फी-बुशसारखे घरगुती रेडिओ बाजूला राहून तो धागा थेट रणगाड्यात शिरला. संपादकांनी योग्य ती समज दिली, म्हणून हा वेगळा धागा. लष्करी वायरलेस, फील्ड टेलिफोन, हेडफोन, मोर्स कोड पाठवायच्या चाव्या, सुटे भाग, दुरुस्ती, सगळं इथे टाका. किमतीची चौकशी मात्र नको, त्याने धाग्याचा बाजार होतो.

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडं. कामठीची छावणी १८२१ची. सीताबर्डीच्या किल्ल्यावर आजही सैन्य आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, अंबाझरीला आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दुसरी, आणि सिग्नल कोअरचं (सैन्याच्या संदेशवहन विभागाचं) जबलपूर रस्त्याने अर्ध्या दिवसावर. एवढ्या यंत्रणेतून मोडीत निघालेला माल लिलावातून ठेकेदाराकडे, तिथून कबाड्याकडे आणि शेवटी तांब्या-ॲल्युमिनियमच्या भावाने भट्टीत जातो. आपण या साखळीत मधे कुठेतरी उभं राहायचं असतं. दुसरा झरा म्हणजे जुने हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) आणि रेडिओ मेकॅनिक. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, 'मोदी नंबर' नावाच्या गल्ल्यांत एकेकाळी व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) माल भरपूर असायचा. ती पिढी थकली, पण माळे अजून रिकामे झालेले नाहीत.

आपल्याकडे जास्त दिसतो तो १९ नंबरचा सेट, निदान त्याचे अवशेष. केंब्रिजच्या पाय (Pye) कंपनीने १९४०च्या सुमारास रणगाड्यासाठी तयार केलेला. एका पेटीत तीन यंत्रं: ए सेट २ ते ८ मेगाहर्ट्झ, लांबच्या बोलण्यासाठी, बी सेट २३५ मेगाहर्ट्झच्या आसपास, शेजारच्या रणगाड्याशी बोलायला, आणि आत बसलेल्यांसाठी इंटरकॉम. त्यानंतरचा ६२ नंबरचा, तोही पायचाच, १.६ ते १० मेगाहर्ट्झ. तो दमट जंगलांचा विचार करून बांधला होता आणि आपल्या सैन्यात स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं राहिला. अमेरिकन मालात विमानातला बीसी-३४८ रिसीव्हर आणि छोटे कमांड सेट. ब्रिटिश बॉम्बर विमानांतला आर-११५५ क्वचितच, आणि सापडलाच तर कुणीतरी आधीच आतून ओरबाडलेला.

आता मुद्दा. यातलं काहीही घरी आणलं की लोक पहिल्यांदा काय करतात? बॅटरी लावतात. हे करू नका. पंधरा-वीस वर्षं गोदामात पडलेल्या सेटला पहिल्याच दिवशी वीज देणं म्हणजे त्याच्यासकट त्याचा ट्रान्सफॉर्मरही कबाड्याला परत देणं. सेट चालू करणं हे शेवटचं काम. पहिलं काम त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचायचं: रंगवलेले आकडे, बाणाची खूण, वर्कशॉपने लावलेल्या पट्ट्या, आतल्या खडूच्या खुणा. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण जी दुरुस्ती करतो ती पुढच्या माणसाला ओळखता आली पाहिजे आणि हवी तर उलटवता आली पाहिजे. बाकी चर्चा करू.

---

तर्रीबाज

दादा, बरं झालं धागा काढला. माह्याकडे एक डब्बा येऊन पडला आहे, कामठी रोडच्या एका कबाड्याकडून. समोरच्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलं आहे अन् त्याच्या बाजूलाच रशियन. घरचे म्हणून राहिले, हे हेरगिरीचं सामान आहे, पोलीस येतील. हा रशियाचा माल आहे का? अन् याच्यावर आकाशवाणी नागपूर लागते का?

---

आठशेसात

तर्रीबाज, अभिनंदन. हा रशियन नाही, बहुधा कॅनडाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या मदतीतून सोव्हिएत सैन्याला हे सेट द्यायचे होते, म्हणून कॅनडात बनलेल्या १९ सेटच्या पॅनेलवर इंग्रजी आणि रशियन दोन्ही छापलं. नॉर्दर्न इलेक्ट्रिक, कॅनेडियन मार्कोनी, आरसीए व्हिक्टर अशा कंपन्यांनी ते बनवले. पण दोन भाषांचं पॅनेल असलेले सगळे सेट रशियाला गेले असं नाही, ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांनाही तेच मिळाले. कुठेतरी इंग्रजी सी अक्षराच्या आत बाण दिसतो का पाहा. ती कॅनडाच्या सरकारी मालाची खूण.

आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आहे आणि तुझा सेट २ मेगाहर्ट्झच्या खाली उतरतच नाही. गाणी विसर.

फोटो टाक: समोरून, मागून, झाकण काढून वरून, आणि उलटा करून खालून. कशालाही स्क्रू-ड्रायव्हर लावायच्या आधी.

---

कामठीकर

नमस्कार मंडळी. मी सिग्नलमधून निवृत्त. जबलपूरला ट्रेनिंगला असताना आमच्या हाती ६२ नंबरचा होता, तेव्हाच तो म्हातारा होता. १९ फक्त क्लासरूममध्ये पाहिला. खूप वर्षांनी ही नावं वाचून हात आपोआप टेबलावर डिड-डा करू लागले.

एक गोष्ट सांगतो जी पुस्तकात असते पण समजत नाही. १९ च्या पॅनेलवर नेट नावाचा स्विच असतो. सगळ्या स्टेशनांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर यायचं असेल तर कंट्रोल, म्हणजे मुख्य स्टेशन, आधी सिग्नल देतो. तुम्ही तो स्विच दाबून धरायचा, कानात शिट्टी येते, डायल फिरवत ती शिट्टी खाली खाली आणत शून्यावर न्यायची. झालं, तुम्ही कंट्रोलच्या बरोबर वर बसलात. आजच्या पोरांना आकडे टाइप केले की झालं. आमच्या काळी फ्रिक्वेन्सी कानाने पकडायची. ज्याचा कान कच्चा, त्याच्यामुळे सगळं नेट बोंबलायचं आणि उस्ताद त्याला मैदानाला चक्कर मारायला लावायचे.

बॅटऱ्या चार्ज करायला छोटं पेट्रोल इंजिन असे. सेटपेक्षा त्याचीच भीती जास्त. थंडीत ते सुरू करणं ही शिक्षाच होती.

---

चाळीसमीटर

काका, नेटचं वर्णन वाचून मजा आली. आम्ही हॅम लोक अजूनही शून्य बीट करतो, फक्त चक्कर मारायला कुणी लावत नाही.

तर्रीबाजसाठी कायद्याचं बोलतो, कारण घरच्यांची भीती अगदीच फोल नाही. भारतात वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवानगी लागते, हे १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलं आहे. २०२३चा दूरसंचार कायदा आला, त्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीची अट आहेच. एकेकाळी घरच्या साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे, आजोबांच्या ट्रंकेत ते पुस्तक सापडेल. सरळ मार्ग म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा दे. खालची श्रेणी मिळाली तर व्हीयू३, वरची मिळाली तर व्हीयू२ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे हवेवरची तुझी ओळख, मिळते. फार अवघड नाही, थोडी इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. परवाना येईपर्यंत प्रक्षेपणाच्या भागाला हात लावू नको. आणि सध्या सैन्यात वापरात असेल असं वाटणारं काहीही कबाड्याने स्वस्तात दिलं तरी घेऊ नको. माल कुठून आला याची लिलावाची पावती नसेल तर तो सोडून दे.

बी सेटबद्दल तर शपथच घे. २३५ मेगाहर्ट्झ आपल्या हौशी लोकांच्या कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. तो गप्प राहू दे.

---

गोकुळपेठकर

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, रेडिओ माझ्या भावाचा छंद. एक गंभीर गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

युद्धकाळातल्या मीटरच्या काट्यांवर, डायलवर, स्विचच्या टोकांवर अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावलेला असायचा. विमानातल्या यंत्रांत तर हमखास. आता तो रंग अंधारात चमकत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की संपलं. चमकणं थांबतं ते त्यातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, ते जागच्या जागी आहे. बंद काचेच्या मागे असताना धोका कमी. खरी भीती त्याची पूड पोटात किंवा फुप्फुसात जाण्याची. म्हणून तपकिरी-पिवळट, पोपडे आलेला रंग दिसला तर तो मीटर उघडायचा नाही, ब्रशने झटकायचा नाही, फुंकर तर मुळीच मारायची नाही. सेट जेवायच्या टेबलावर उघडायचा नाही. खोलीत हवा खेळती ठेवा आणि काम झालं की हात धुवा. भौतिकशास्त्र विभागात गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) असतो, एखाद्या शिक्षकाला विनंती केली तर तपासून देतील.

अमेरिकन सेटांवर आतून वार्निशसारखा पिवळट थर असतो, बुरशी लागू नये म्हणून मारलेला. त्यातही बुरशीनाशक विष आहे. त्यावर तापलेली सोल्डरिंग गन धरून धूर नाकात घेऊ नका.

---

तर्रीबाज

ताई, तुम्ही सांगितलं ते वाचून आईने डब्बा गच्चीवरच्या खोलीत हलवला. फोटो टाकले आहेत. खालून पाहिलं तर वायरीचं रबर हात लावला की भुगा होऊन राहिलं. पूर्ण वायरिंग बदलायची का?

---

आठशेसात

फोटो पाहिले. छान सेट आहे, उंदीर आत शिरलेले नाहीत, ही नागपुरात मोठी गोष्ट. बी सेटची जागा रिकामी दिसते. युद्धानंतर बऱ्याच सेटांतून तो भाग काढलाच होता, त्याचं वाईट वाटून घेऊ नको.

रबराचं आवरण हा या पिढीच्या सेटांचा जुना आजार आहे. आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली तो लवकर बळावतो. पूर्ण वायरिंग उपटू नको. ज्या वायरी हलवल्यावर उघड्या पडतात तेवढ्याच, एका वेळी एकच, जुन्या रंगाची नवी कापडी किंवा स्लीव्ह घातलेली वायर टाकून बदल. एकदम सगळ्या कापल्यास की कुठली कुठे जात होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बंडलात बांधलेल्या, हालचाल नसलेल्या वायरींना हात लावू नको, त्या तशाच वर्षानुवर्षं राहतात.

त्यानंतर कंडेन्सर. जुने कागदी कंडेन्सर सगळे संशयित. ते दरवेळी पूर्ण शॉर्ट होतात असं नाही, बहुतेकदा गळतात, म्हणजे डीसी थोडा थोडा पलीकडे सोडतात. ऑडिओच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतल्या नियंत्रक जाळीला) आधीच्या टप्प्यातून जोडणारा कंडेन्सर पहिला बदलायचा, कारण तो गळला की ग्रिडवर धन व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह लाल होतो आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. दिसायला मायका (अभ्रक) आणि आतून कागद असे तपकिरी चौकोनी कंडेन्सरही असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नको. खरे मायकाचे आणि सिरॅमिकचे सहसा ठीक असतात. कार्बनचे रेझिस्टन्स वयानुसार चढतात, शंभर किलोओहमचा दीडशे झालेला असतो. मोजून वीस टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेला असेल तरच बदल.

एक खास बात. या सेटचे बहुतेक व्हॉल्व्ह ६.३ व्होल्ट हीटरचे आणि पुरवठा १२चा, म्हणून हीटर जोडीजोडीने सिरीजमध्ये आहेत. एक फिलामेंट तुटलं की दोन व्हॉल्व्ह थंड. दोन व्हॉल्व्ह थंड दिसले म्हणून दोन्ही फेकू नकोस, ओहममीटर लाव.

आणि सर्किटच्या पुस्तकातले व्होल्टेज डिजिटल मीटरशी जुळले नाहीत म्हणून घाबरू नको. ते आकडे त्या काळच्या ॲव्हो मीटरने घेतलेले आहेत. तो मीटर सर्किटमधून स्वतःच करंट खायचा, त्यामुळे व्होल्टेज कमी दिसायचं. आजचा मीटर जवळजवळ काहीच खात नाही, म्हणून स्क्रीन ग्रिडवर, एव्हीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या) लाइनवर आकडा जास्त दिसतो. लोक याच गोष्टीमुळे चांगला सेट बिघडवतात.

---

पुणेरी_संग्राहक

धागा उत्तम. पण माझं मत थोडं वेगळं आहे, आणि मला माहीत आहे नागपूरकर यावर चिडतील.

हे सेट चालू का करायचे? तुम्ही त्यावरून काय ऐकणार? ८० वर्षांची वस्तू आहे, तिच्यात १९४३ सालचे कंडेन्सर आहेत, त्या कारखान्यातल्या कामगाराचं सोल्डर आहे. ते काढून चिनी कंडेन्सर घातले की तुमच्याकडे उरतो तो एक चालणारा डबा. मी माझे सेट पुसतो, कापडाखाली ठेवतो, बस. काही लोक जुन्या कंडेन्सरचं कवच पोकळ करून आत नवा लपवतात, ते तर मला फसवणूकच वाटते. बाहेरून खरं, आतून खोटं.

---

आठशेसात

पुणेकरांवर चिडायला आमच्याकडे उन्हाळ्यात वेळ नसतो, कूलरमध्ये पाणी भरायचं असतं.

लपवण्याबद्दल तुमच्याशी सहमत. मी कवच पोकळ करत नाही. नवा कंडेन्सर नवाच दिसू देतो, पिवळा-निळा जो असेल तो. जुना पाकिटात, त्यावर सर्किटमधला क्रमांक आणि तारीख लिहून, पाकीट सेटच्या पेटीतच. ज्या माणसाला १९४३ परत हवं असेल त्याने सोल्डर काढावं आणि परत लावावं. वर्कशॉपवालेही हेच करत होते. सेट बनला आणि गोठला असं झालेलं नाही. बदलाच्या सूचना यायच्या, ईएमईच्या (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागाच्या) वर्कशॉपमध्ये भाग बदलले जायचे, पट्टीवर खूण व्हायची. तुम्ही जपताय तो १९४३चा सेट मुळात १९४५, १९५२, १९६०चा झालेला आहे. आपली दुरुस्ती ही त्याच ओळीतली पुढची नोंद.

रंगाच्या बाबतीत मात्र मी तुमच्याहून कडक. पुन्हा रंगवलेला सेट मी घेतच नाही. वरचा हिरवा रंग निघाला की खालचे आकडे, युनिटची खूण, कुणीतरी खिळ्याने कोरलेलं नाव, सगळं गेलं.

---

चाळीसमीटर

आणि भोकं? याबद्दल बोललं पाहिजे.

माझे गुरू सत्तरच्या दशकात हवेवर आले. तेव्हा बाहेरून ट्रान्सीव्हर (बोलायचं-ऐकायचं एकत्र यंत्र) मागवणं म्हणजे आयात परवाना, कस्टम, आणि बापाच्या पगाराचं गणित. हॅमकडे होतं ते लष्कराने टाकलेलं सामान. त्यांनी १९ सेटचं पॅनेल करवतीने कापून त्यात अँटेनाच्या कोक्स केबलची सॉकेट बसवली, डायनामोटर (बॅटरीवरून उच्च व्होल्टेज बनवणारं यंत्र) काढून मुख्य विजेचा पुरवठा घातला, ८०७ला (प्रक्षेपणाच्या शेवटच्या व्हॉल्व्हला) जास्त व्होल्टेज देऊन पिळून काढला. बीसी-४५३ कमांड रिसीव्हर घेऊन त्याचा ८५ किलोहर्ट्झचा आयएफ (रिसीव्हरच्या आतला मधल्या फ्रिक्वेन्सीचा टप्पा) वापरून त्यांनी दुसऱ्या रिसीव्हरला अरुंद पट्टा दिला, तेव्हा मोर्सचे सिग्नल एकमेकांपासून सुटून ऐकू यायला लागले. आजच्या संग्राहकाला ती भोकं पाहून छातीत कळ येते. मला येत नाही. त्या भोकांमुळे या गावातली पोरं जपान-रशियाशी बोलली.

म्हणून कापलेला सेट दुरुस्त करताना मी ते भोक बुजवत नाही. पॅनेलचा नवा तुकडा बसवून 'मूळ रूप' देणं हे मला पुणेकरांनी सांगितलेल्या पोकळ कंडेन्सरपेक्षा जास्त खोटं वाटतं.

---

पुणेरी_संग्राहक

भोकांचा मुद्दा पटला नाही, पण विचारात पाडलंत. माझ्याकडे एक बीसी-३४८ आहे, ज्याच्या मागे कुणीतरी पॉवर ट्रान्सफॉर्मर ठोकलाय. मी तो कचरा समजून काढायच्या बेतात होतो. आता थांबलो. तो बसवणाऱ्याने चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) पेन्सिलने तारीख लिहिलीय, हे आज भिंग घेऊन पाहिलं.

---

कामठीकर

तारीख कोणती?

---

पुणेरी_संग्राहक

१४ ऑगस्ट १९६८. खाली एक कॉल साइनही आहे, पण इथे टाकत नाही, घरचे असतील.

---

कामठीकर

बरोबर केलंत.

आमच्या इथल्या एका गोष्टीची आठवण झाली. ६२ च्या हेडफोनमध्ये आवाज इतका स्वच्छ यायचा की गाडीचं इंजिन चालू असतानाही मोर्स कळायचा. ते हेडफोन आजही कबाडात दिसतात, पोरं दहा-वीस रुपयांना फेकतात. तर्रीबाज, दिसले तर उचला. नव्या महागड्या हेडफोनपेक्षा मोर्ससाठी ते बरे.

---

आठशेसात

काका, सोळा आणे. त्यातच भर: ब्रिटिश डीएलआर ५ नावाचे हेडफोन मिळाले तर सोडू नका. कमी इम्पिडन्सचे, बॅलन्स्ड आर्मेचरचे, कमालीचे तरतरीत. क्रिस्टल सेटवर जुळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमार्फत लावले तर बिनविजेचा रेडिओही मोठ्याने बोलतो.

आणि ज्यांना व्हॉल्व्हच्या व्होल्टेजची भीती वाटते त्यांनी फील्ड टेलिफोनपासून सुरुवात करा. हँडल फिरवला की मॅग्नेटोची (हाताने फिरवायच्या छोट्या जनरेटरची) घंटी वाजते, दोन सेल, दोन वायरी, गच्चीपासून खालपर्यंत बोला. त्यात बिघडणारं फार काही नसतं: कार्बन मायक्रोफोनचे दाणे ओलाव्याने गठ्ठा होतात, हलकेच टकटक करून सुटतात, संपर्कांवर हिरवा गंज येतो. मुलांना हे भलतंच आवडतं. मात्र मॅग्नेटो फिरवताना कुणी वायरीची टोकं हातात धरलेली नाहीत ना ते पाहा, शंभराच्या आसपास व्होल्ट निघतात आणि भावंडांच्यात तो प्रयोग होतोच.

---

तर्रीबाज

बाप्पा, भावाने कालच केला.

कंडेन्सर बदलून झाले. रेझिस्टन्स मोजले, बरेच चढलेले निघाले. पाकिटंही केली, आठशेसात दादाने सांगितली तशी. आता पॉवर युनिट. ते सेटसोबत आलं होतं, वेगळी पेटी, आत एक गोल मोटरसारखं आहे अन् एक ॲल्युमिनियमचा डब्बा सॉकेटमध्ये खोचलेला. डब्बा हलवला तर आतून काही वाजत नाही. तो काय आहे?

---

आठशेसात

मोटरसारखा तो डायनामोटर, एकाच दांड्यावर मोटर आणि जनरेटर. प्रक्षेपणाला लागणारे ५००च्या वरचे व्होल्ट तो बनवतो. ॲल्युमिनियमचा डबा म्हणजे व्हायब्रेटर. आत एक पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि १२ व्होल्टचा डीसी कापून ट्रान्सफॉर्मरला देते. ऐकण्यापुरते पावणेतीनशे व्होल्ट त्यातून निघतात. चालू असताना हलका गुंजारव येतो. येत नसेल तर टोकांवर ऑक्साइड जमलंय, हे अगदी नेहमीचं. डबा जपून उघडून बारीक कागदाने टोकं घासता येतात, सॅंडपेपरचा जाड दाणा लावू नको. अनेकांनी डब्यात दोन मॉसफेट (आजच्या जातीचे ट्रान्झिस्टर) घालून त्याला कायमचा गप्प केलंय. मी अजून खरा व्हायब्रेटर वापरतो, त्या गुंजारवाशिवाय सेट मेल्यासारखा वाटतो. हे माझं वेड आहे, नियम नाही.

व्हायब्रेटर घासायच्या आधी ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूचा बफर कंडेन्सर बदल. उच्च व्होल्टचा असतो आणि तोच व्हायब्रेटरला मारतो. जुना ठेवून नवा व्हायब्रेटर लावलास तर तोही जाईल. बदलताना किंमत तीच ठेव, तिथे अंदाज चालत नाही, आणि व्होल्टेज दीड-दोन हजारांचं घे.

डायनामोटरचं ग्रीस दगड झालेलं असेल. उघड, बेअरिंग धू, थोडं नवं ग्रीस, ब्रश स्वच्छ. पण परवाना येईपर्यंत त्याच्या वायरी सोडूनच ठेव, तुला फक्त ऐकायचंय.

५०० व्होल्टबद्दल एकदाच सांगतो. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात. रेझिस्टन्सने उतरव, मीटरने बघ, मग हात घाल. एक हात खिशात.

---

गोकुळपेठकर

एक हात खिशात हा नियम आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरही लिहिला आहे. मुलं तो वाचतात आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरतात.

---

चाळीसमीटर

तर्रीबाज, ऐकायला लागलास की दोन गोष्टी लक्षात ठेव. डायल किती बरोबर आहे ते तपासायला रात्री ५ मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम वेळसंकेत केंद्र शोध, टिक-टिक येते. वेव्हमीटर क्लास डी (फ्रिक्वेन्सी मोजायचं जुनं लष्करी यंत्र) मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाही तर हे पुरेसं आहे. दुसरं, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा हॅमचा पट्टा, सकाळी आपल्याकडचे लोक तिथे असतात. ते एसएसबीवर (आवाज पाठवायची हॅमची नेहमीची पद्धत) बोलतात, तुला बदकाच्या आवाजात ऐकू येईल. बीएफओ (सेटमधला छोटा ऑसिलेटर) लावून हळूहळू डायल फिरव, माणूस होतो.

मे महिन्यात मात्र अपेक्षा ठेवू नको. अख्ख्या मोहल्ल्याचे कूलर, एलईडी दिवे आणि चार्जर मिळून ४० मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, फोडणीसारखा आवाज करतात. एसएमपीएस (कॉम्प्युटर-चार्जरमधल्यासारखा वीजपुरवठा) अजिबात वापरू नको, इन्व्हर्टरची बॅटरी सगळ्यात शांत.

---

कामठीकर

आणि डायलवरची लाल-निळी खूण असते तिचा उपयोग शिका. दोन फ्रिक्वेन्सी आधीच ठरवून कुलूपबंद करायच्या, मग अंधारात, हातमोजे घालूनही खटकन एकीवरून दुसरीवर. रणगाड्यात हलत्या गाडीत डायल कोण बघत बसणार?

---

तर्रीबाज

सर्वांचे आभार. बफर कंडेन्सर मोदी नंबर तीनमध्ये मिळाला, दुकानदार म्हणे हे आता कुणी मागत नाही, तीन पडून आहेत, तिन्ही घेऊन जा. घेतले.

आता पहिल्यांदा वीज द्यायची आहे. घरच्या रेडिओसाठी तुम्ही जुन्या धाग्यावर सिरीजमध्ये बल्ब लावा म्हणता. इथे बॅटरी १२ची आहे, काय करायचं?

---

आठशेसात

तेच, फक्त बल्ब गाडीचा. कारच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब बॅटरी आणि सेटच्या मधे सिरीजमध्ये. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि सेट वाचेल. मंद पेटून राहिला तर हीटर गरम होताहेत, ठीक आहे. व्हायब्रेटर बल्बमधून नीट सुरू होणार नाही, म्हणून पहिल्या फेरीत तो सॉकेटमधून काढून ठेव. हीटर बघ, वास घे, पंधरा मिनिटं थांब. मग व्हायब्रेटर लाव आणि बल्बच्या जागी दहा अँपिअरचा फ्यूज.

---

तर्रीबाज

जुन्या स्कूटरचा हेडलाइट पडला आहे. चालेल का?

---

आठशेसात

१२ व्होल्टचा असेल तर चालेल. जुन्या स्कूटरींना ६ व्होल्टचेही बल्ब असायचे, बुडावरचा आकडा वाचून घे. आणि वॅट कमी असतील तर दोन समांतर लाव.